पेटी भरली कुणी?

त्यांच्या घरी पिशवी घेऊन जायची सोय नव्हती. दार उघडलं की "या, बसा" म्हणायच्या आधी त्यांची नजर तुमच्या हाताकडे जायची. "दोडकी," ते म्हणायचे. "वर कोथिंबीर ठेवली आहे ती झाकायला. घरात दोडकी कुणाला आवडत नाहीत, म्हणून." आणि दोडकीच असायची. उज्जैनच्या माधवनगरात मी त्यांच्याकडे सहा वर्षं भाडेकरू होते. त्या सहा वर्षांत मला एकही पिशवी झाकून नेता आली नाही, मग ती भाजीची असो नाहीतर शाळेतल्या वह्यांची.

मी त्यांना काका म्हणत असे. गल्ली त्यांना नाकेदार म्हणायची. आणि पुण्याच्या एका मासिकाचे वाचक त्यांना भलत्याच नावानं ओळखायचे, कारण रहस्यकथा ते टोपणनावानं लिहीत. उज्जैनात बसून मराठी रहस्यकथा लिहिणारा तो एकच इसम असावा. त्यांचं पुस्तक मात्र कधी निघालं नाही. एकदा अगदी निघता निघता राहिलं. का राहिलं ते त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. आता ते नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

आताच्या मुलांना खरं वाटत नाही, पण एके काळी उज्जैनहून इंदूरला जायचं म्हणजे परमुलखात जायचं होतं. उज्जैन शिंद्यांचं, इंदूर होळकरांचं. मधेच कुठेतरी गव्हाच्या शेतात एक राज्य संपायचं नि दुसरं सुरू व्हायचं. शेताला त्याचा पत्ता नसायचा, पण रस्त्यावर आडवा बांबू असायचा, बाजूला एक कौलारू खोली, आणि खोलीच्या ओसरीवर उंच मेजापाशी उभे असलेले आमचे काका. इकडून तिकडे जाणाऱ्या मालावर जकात होती. त्यामुळे प्रत्येक बैलगाडी, टांगा, मोटार थांबवायची, सामान खोलून बघायचं, आणि बघून झालं की पेटीवर खडूनं फुली मारायची. मग काका हात वर करायचे, की शिपाई बांबू उचलायचा. वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

"लोकांना वाटतं लेखक पुस्तकं वाचून होतो," ते म्हणायचे. "मी तर पेट्या वाचून झालो."

नाक्यावरची त्यांची एक रीत होती. पेटीत काय आहे, हे ते कधी विचारत नसत. "त्याचं उत्तर माणूस घरून तयार करून आणतो, मास्तरीणबाई," ते मला समजावायचे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मी मास्तरीणबाई. "विचारायचं, पेटी भरली कुणी? बस. ज्यानं स्वतः भरली तो चटकन 'मी' म्हणतो. ज्याची बायकोनं भरली तो हसतो. आणि ज्यानं आत काही दडवलंय तो आधी पेटीकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो. त्याचं सामान पूरं खोलायचं."

त्यांच्या कथांमधला गुप्तहेर म्हणजे मुन्शीजी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, नाक्यावरचा कारकून. त्याच्याकडे पिस्तूल नाही, भिंग नाही, धावायची ताकद नाही. खिशात खडू आणि तोंडात एक प्रश्न, एवढ्यावर तो गुन्हेगार पकडायचा. एका कथेत तर त्यानं नुसती वळकटीची गाठ बघून सांगितलं होतं की ही बांधणारा डावखुरा आहे आणि घाईत आहे. पुण्याला ती गोष्ट फार गाजली म्हणे. संपादकांचं कार्ड आलं तेव्हा काकांनी ते काकूंना वाचून दाखवलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तुमच्या गाठी नका सांगू. आधी न्हाणीघराचा नळ बघा, दोन दिवस गळतोय." काकूंनी त्यांची एकही कथा वाचलेली नव्हती. घरात चोवीस तास चालतं तेच खूप झालं, असं त्यांचं म्हणणं.

पण काकूंच्या अंगातही किडा होताच. काकांना एकदा तरी चुकवायचं, असा त्यांनी चंगच बांधला होता. एकदा उन्हाळ्यात त्यांनी एक भलंमोठं कलिंगड जुन्या चादरीत गुंडाळलं, त्यावर उशीचा अभ्रा घातला, आणि धोब्याकडून कपडे आणल्यासारख्या डोक्यावर घेऊन घरात शिरल्या. काका झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "धोब्याचे कपडे डोक्यावर घेऊन कुणी इतकं जपून चालत नाही. कापा, खाऊ." काकू तिथेच मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मला ते जोडपं फार आवडायचं.

काकांच्या कथेत खून नसायचा, हे संपादकांचं मोठं दुखणं होतं. चोरी असायची, फसवणूक असायची, बदललेलं मृत्युपत्र असायचं, पण प्रेत म्हणून नाही. संपादकांनी तीनदा लिहिलं, चौथ्यांदा जरा रागावून लिहिलं. तेव्हा काकांनी नाइलाजानं एका कथेत एक प्रेत घातलं, आणि शेवटी मुन्शीजींनी शोधून काढलं की तो गृहस्थ ऊन लागून मेला. मी म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, "खून मी पाहिलेला नाही. ऊन लागून मेलेले तीन पाहिलेत, नाक्यावर. जे पाहिलं नाही ते लिहू कसं?"

लिहायचे उभ्यानं. नाका उठला तेव्हा तिथलं सामान लिलावात निघालं, त्यातलं ते उंच मेज त्यांनी उचलून आणलं होतं. ते पुढच्या खोलीत एका भिंतीला लावून ठेवलेलं होतं आणि येणारा-जाणारा त्याला थडकायचा. मेजाबरोबर कोऱ्या पावत्यांचे गठ्ठेही आले होते. पावतीच्या पाठीवर कथा चालायची. पावती संपली की प्रकरण संपलं. वाचक म्हणायचे, काय सफाईदार छोटी प्रकरणं आहेत! ती सफाई पावतीच्या मापाची होती.

मी त्यात कशी आले, तर अक्षरामुळे. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि छापखान्यातल्या जुळारी लोकांनी पुण्याहून निर्वाणीचा निरोप धाडला होता. माझं अक्षर फळ्यावर घोटलेलं. म्हणून सुटीच्या दिवशी मी त्यांच्या पावत्या समोर घेऊन फुलस्केपवर स्वच्छ प्रत करायची, आणि काकू मला चहा द्यायच्या. भाषा मात्र मी बदलायची नाही, अशी सक्त ताकीद होती. ते लिहायचे, 'मुन्शीजींनी पेटीचा ताला खोलला.' छापून यायचं, 'कुलूप उघडलं.' काका अंक बघून म्हणायचे, "पुण्याला जाऊन आमच्या ताल्याची मुंज होते."

आणखी एक गोष्ट संपादकांना डाचायची, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. काकांच्या कथेचा शेवट. रहस्यकथेचा शेवट कसा असतो ते शेंबडं पोरही जाणतं. सगळे दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर उभा राहतो, एकेकावरून बोट फिरवत नेतो आणि शेवटी एकावर थांबवतो. काकांच्या एकाही कथेत हे नव्हतं. मुन्शीजी गुन्हेगाराला हळूच म्हणायचे, "जरा इकडे या." नाक्यामागच्या कडुनिंबाखाली नेऊन त्याच्याशी बोलायचे. काय कळलं ते त्याला सांगायचे, काय परत करायचं ते सांगायचे, आणि बाहेर येऊन पेटीवर फुली मारायचे. वाचकाला सगळं कळायचं, पण कथेतल्या इतर माणसांना काहीच कळायचं नाही. वाचकांची पत्रं यायची की गुन्हेगाराची फजिती बघायला मिळत नाही. मलाही, खरं सांगायचं तर, जरा चुटपुट लागायची.

अशात होळीच्या सुमारास मुंबईच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. मुन्शीजींची सगळ्यात लांब गोष्ट, जी मासिकात क्रमशः आली होती, ती त्यांना पुस्तक म्हणून काढायची होती. ती चालली तर आणखी दोन. अट एकच. शेवटचं प्रकरण बदलायचं. सगळ्यांसमोर उलगडा झाला पाहिजे.

काका त्या दिवशी टावर चौकात जाऊन कचोऱ्या आणि जिलेबी घेऊन आले, आणि पुडी पाठीमागे लपवून काकूंना म्हणाले, "ओळखा." काकू म्हणाल्या, "वास येतोय, त्यात काय ओळखायचं?" असे ते खुशीत होते. त्या काळी ते एका कचेरीत कागद तपासत. नाके उठल्यावर त्यांच्यासारख्यांना इकडे तिकडे सामावून घेतलं होतं. तिथे त्यांचा जीव रमत नव्हता. "पेटी खोटं बोलत नाही, कागद बोलतो," ते म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं होती. पुस्तकावर आपलं नाव, आणि या खेपेला खरं नाव, हे त्यांनी मनातल्या मनात शंभरदा छापून पाहिलं असणार. कारण मला विचारलं होतं, "मास्तरीणबाई, नावामागे श्री लावतात का हो पुस्तकावर?"

पण प्रकरण काही होईना. कचेरीतून आले की मेजापाशी उभे राहायचे, पावती घ्यायचे, आणि टाक नुसता हातात. चैत्र गेला, वैशाख लागला. प्रकाशकाचं दुसरं पत्र आलं. शेवटी एका रविवारी मीच विचारलं, "काका, एवढं काय आहे त्यात? गुन्हेगार तुम्हाला माहीत, पुरावा माहीत. चार माणसं खुर्च्यांवर बसवायची आणि बोलायला लावायचं मुन्शीजींना."

ते झोपाळ्यावर येऊन बसले. काकू देवळात गेल्या होत्या. मग त्यांनी मला नाक्यावरच्या एका दुपारची गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्याच शब्दांत सांगू शकणार नाही, कारण ते फार थांबत थांबत बोलले.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. कापडाची टंचाई होती, म्हणून तपासणी कडक. ज्येष्ठातली दुपार. एक टांगा आला, त्यात पंचविशीची एक मराठी बाई आणि तिचा दीर. इंदूरला माहेरी भाचीचं बारसं आहे, चार दिवसांत परत, असं दिरानं सांगितलं. नाक्यावर त्या वेळी दहा-बारा माणसं सावलीला बसली होती. काकांची ख्याती तेव्हा दोन्ही हद्दींत पसरलेली. लोक मुद्दाम थांबून त्यांची करामत बघत. काकांनी विचारलं, "पेटी भरली कुणी?" बाई म्हणाली, "मी." चटकन म्हणाली. रीतीप्रमाणे फुली मारून सोडायला हवं होतं. पण लोक बघत होते.

पेटी उघडली. वर दोन चांगल्या साड्या. खाली उन्हाळ्यात गरम शाल. त्याखाली शाळेचा दाखला. आणि अगदी तळाशी, खणात गुंडाळलेली, पितळेची बोटभर अन्नपूर्णा.

"मास्तरीणबाई, तुम्हाला सांगायला नको," काका म्हणाले. सांगायला नकोच होतं. आपल्यात मुलगी लग्नात माहेरून अन्नपूर्णा घेऊन सासरी जाते. ती मग सासरच्या देव्हाऱ्यात बसते, आणि बाई मरेपर्यंत तिथून हलत नाही.

"मी ती मूर्ती दोन बोटांत धरून वर केली," काका म्हणाले. "सगळ्यांना दिसेल अशी. आणि म्हटलं, चार दिवसांच्या बारशाला कुणी अन्नपूर्णा घेऊन जात नाही, बाई. तुम्ही तर परत यायच्याच नाही. लोक वाहवा म्हणाले, एकानं टाळीसुद्धा दिली. मी दिराचं तोंड नंतर पाहिलं."

दिरानं टांगा तिथल्या तिथे उज्जैनकडे वळवायला लावला. बाई रडली नाही, ओरडली नाही. पेटी बंद करता करता हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं यात?"

"पेटीत जकातीची एक वस्तू नव्हती," काका म्हणाले. "एकसुद्धा."

त्या बाईचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. नाव विचारलं नव्हतं, घर ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक टांग्यात तिला शोधू लागले. ती पुन्हा निघेल. पेटी घेऊन पुन्हा या रस्त्यानं येईल, आणि त्या वेळी आपण पेटीला हात न लावता फुली मारू. चार वर्षं ते वाट बघत राहिले. मग देश स्वतंत्र झाला, राजेरजवाड्यांची राज्यं एकत्र आली, मध्यभारत झाला, आणि एक दिवस नाका उठला. लोकांनी बांबू मोडून त्याची होळी केली, गूळ वाटला. गाड्या न थांबता भरधाव जाऊ लागल्या. काका म्हणाले, "सगळे खूश होते. मीही गूळ खाल्ला. पण मनात आलं, आता ती गेली तरी मला कळणार नाही."

त्यानंतर ते लिहू लागले. पहिलीच कथा लिहिताना शेवट आला तेव्हा मुन्शीजी आपोआप कडुनिंबाकडे चालू लागले, आणि पुढे प्रत्येक कथेत चालत राहिले.

मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. त्या बाईच्या जागी मी स्वतःला बघत होते. त्याला कारण होतं. पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

कारण असं. माझा थोरला भाऊ, दादा, आधी वहिनीसह याच घरात राहायचा. त्याची बदली ग्वाल्हेरला झाली आणि मी नोकरीमुळे काकूंच्या भरवशावर मागे राहिले. आता पुन्हा राज्यांची नवी मांडणी होणार होती, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला, आणि दादाची कचेरी दिवाळीपर्यंत तिकडे हलणार होती. हलायच्या आधी माझं लग्न उरकायचं असा त्याचा बेत होता. स्थळही बघून ठेवलं होतं. दुसरेपणाचं होतं, पण माझं वय सव्वीस, तेव्हा मी बोलायचं नाही. इकडे मला जबलपूरला शिक्षकांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, विद्यावेतनासकट. दादानं वर्षापूर्वीच बजावलं होतं, "नोकरी आहे ना? मग आणखी शिकून काय दिवे लावायचेत?" मी ठरवलं की विचारायचं नाही. जायचं, आणि तिथून पत्र लिहायचं. पुढे तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या वर्षी बोलू लागला, आणि आता सगळ्यांना सांगतो की त्यानंच मला शिकवलं. असो.

काका-काकूंना मी सांगितलं की भोपाळला शाळेचं आठ दिवसांचं शिबिर आहे. पेटी दार लावून भरली. मी खरी भीत होते ती काकांना. दादा ग्वाल्हेरात होता, त्याला काय कळणार? पण काकांसमोरून पेटी न्यायची होती. पश्चात्ताप झालेला माणूसही खोड सोडतोच असं नाही. दोडकी ओळखल्यावर ते गप्प बसू शकत नसत, तिथे माझी पेटी म्हणजे काय!

आणि गंमत अशी, की निघायच्या चार दिवस आधी त्यांनी ते प्रकरण लिहून टाकलं. "होईल ते होईल," म्हणाले. "माणसानं किती दिवस एकाच दुपारी उभं राहायचं?" मी त्याची स्वच्छ प्रत केली. फार उत्तम उतरलं होतं. दिवाणखाना, लोकांचे रोखलेले श्वास, मुन्शीजींचं फिरणारं बोट, आणि ते शेवटी ज्या विधवेवर थांबतं तिचं खाली गेलेलं तोंड. इतकं चांगलं त्यांनी दुसरं काही लिहिलं नसेल. त्यांनी माझी प्रत वाचूनही पाहिली नाही. पाकिटात घालून, दोऱ्यानं बांधून माझ्या हाती दिलं. "स्टेशनला जाताना पोस्टात रजिस्टर करा," म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी माझी पेटी आणि वळकटी ओसरीवर काढलेली होती. टांगा दहाला सांगितला होता. साडेनऊला फाटकाशी टांगा थांबला, म्हणून मी लगबगीनं बाहेर आले, तर त्यातून दादा उतरला. कचेरी हलवायच्या कामासाठी जुन्या फायलींच्या याद्या करायला त्याला अचानक उज्जैनला पाठवलं होतं.

"काय गं, कुठे निघालीस?"

"शिबिर आहे, दादा. शाळेचं. भोपाळला, आठ दिवस." माझा आवाज मलाच परका वाटला.

दादानं पेटीवर बुटानं ठकठक केलं. "आठ दिवसांना एवढी पेटी? काय पूरा संसार घेऊन चालली आहेस?" मग हसत झोपाळ्याकडे वळला. "काका, तुम्ही आहात ते बरं झालं. सांगा बघू, ह्या पेटीत आठ दिवसांचं सामान आहे का? तुमचं सांगणं कधी चुकत नाही."

काका उठले. मी ओसरीच्या खांबाला हात लावून उभी राहिले. त्यांनी सवयीनं पेटीची एक कडी धरून ती जरा उचलली आणि खाली ठेवली. वळकटीकडे पाहिलं. ज्येष्ठ महिना, आणि वळकटीतून रजईचा कोपरा दिसत होता. मग त्यांनी मान वळवून माझ्या खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. आत भिंतीवर आई-बाबांची तसबीर असायची. ती मी काढून पेटीत ठेवली होती, आणि तिच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन उमटला होता. तो चौकोन त्यांना दिसला. तो दिसला, हे मला दिसलं. कडुनिंब वगैरे माझ्या काही लक्षात राहिलं नाही. मला ती दोन बोटांत धरलेली मूर्ती दिसत होती.

काका माझ्या खोलीपाशी गेले, दार ओढून घेतलं आणि कडी घातली. "उंदीर शिरतात," म्हणाले. मग दादाकडे वळले. "आठ दिवसांचंच आहे. वर दोन साड्या. खाली पापड, कुरडया, खाण्याचं सामान. बायकांच्या शिबिरात दुसरं काय?"

दादानं वाकून पेटी उचलून पाहिली आणि हात झटकला. "अहो काका, ही तर धोंडे भरल्यासारखी जड आहे! पापड कुठले? पुस्तकं आहेत पुस्तकं. लावा शर्त!"

"शिबिराला पुस्तकं लागतातच की," मी कशीबशी म्हटलं.

"असतील पुस्तकं," काका म्हणाले. "नाका उठून आठ वर्षं झाली. हात गेला माझा."

दादा मोठ्यानं हसला. "काकू! ऐकलंत का? नाकेदार चुकले! माझ्यापुढे चुकले!"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्यासाठी त्यांनी डोक्यावरून कलिंगडं वाहिली होती. त्या हसतील असं मला वाटलं, पण त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दादाला म्हणाल्या, "आधी आंघोळ करून घे बरं तू. पाणी तयार आहे. मी पोहे टाकते." दादा हसत हसत टॉवेल घेऊन आत गेला.

तेवढ्यात माझा टांगा आला. टांगेवाल्यानं वळकटी उचलून ठेवली. तो पेटीला हात घालणार, तोच काका म्हणाले, "जरा ठहर." मग माझ्यापुढे हात केला. "ते पाकीट द्या इकडे."

"काका, रजिस्टर करायचंय ना?"

"नाही करायचं. मुन्शीजींची एक चूक झाली आहे त्यात."

ते पाकीट मुंबईला कधीच गेलं नाही. गेला तो जुनाच शेवट, कडुनिंबाखालचा. महिन्याभरानं जबलपूरला मला त्यांचं कार्ड आलं. प्रकाशकांनी कळवलं आहे की इच्छा असूनही जमत नाही, एवढं एका ओळीत, आणि खाली काकूंच्या लोणच्याची हकीकत सविस्तर.

पाकीट घेऊन काका आत गेले. उंच मेजाचा खण ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खडूचा पिवळा पडलेला तुकडा होता. नाक्यावरचा असणार. आतून दादाच्या तांब्याचा आवाज येत होता. काका पेटीपाशी उभे राहिले, आणि नाक्यावर विचारत तसं, अगदी सरळ आवाजात त्यांनी विचारलं,

"मास्तरीणबाई, पेटी भरली कुणी?"

"मी," मी म्हटलं. मला रडू फुटत होतं. "मीच भरली, काका."

ते खाली वाकले आणि पेटीच्या झाकणावर मोठी फुली मारली. एक रेघ वाकडी गेली. ती त्यांनी पुन्हा गिरवली.

"बारा वर्षं राहिली होती मारायची," ते म्हणाले. "निघा आता. गाडी चुकेल."

टांगेवाल्यानं पेटी चढवली, मी बसले, टांगा हलला. काकू दाराशी आल्या होत्या, त्यांच्या हातात पोह्यांची पळी तशीच होती. वळणावर मी मागे पाहिलं. काका फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते, आणि त्यांनी हात वर केला होता.